आकड्यापेक्षा वेगाचं बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. दोन पानं भरून लोकसंख्येचा स्फोट, गरीब देशांना अक्कल नाही, दोनच मुलांचा कायदा करून टाका वगैरे लिहिलंयस आणि शेवटी हळूच विचारतोस की मग दक्षिण कोरियावाले पोरं व्हावीत म्हणून लोकांना पैसे का वाटतायत. अरे बाबा, तुझ्या दोन पानांचं उत्तर त्या शेवटच्या प्रश्नातच आहे! म्हणून हे लांबलचक लिहितोय, एका दमात वाचून होणार नाही, पण वाच.

जगात ८०० कोटी माणसं झाली २०२२ च्या नोव्हेंबरात, मान्य. पण १९५० च्या आसपास जगभरात एका बाईला सरासरी पाच मुलं व्हायची, आता तो आकडा सव्वादोनवर आलाय. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा आहे की २०८० च्या दशकात साधारण १०३० कोटींना जाऊन लोकसंख्या उतरायला लागेल. ती आहे तेवढी टिकायला बाईमागे २.१ मुलं लागतात आणि आज निम्म्याहून जास्त देश त्याच्या खाली गेलेत. त्यात नुसते श्रीमंत नाहीत रे, ब्राझील, थायलंड, इराण, चीन सगळे आलेत, भारतसुद्धा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपला आकडा २.० आलाय.

मग वाढ चालूच कशी, असं तू विचारणार. नायजर घे (नायजेरिया नव्हे, त्याच्या उत्तरेचा). तिथे एका बाईला अजून सहाच्या आसपास मुलं होतात आणि निम्मा देश साधारण पंधरा वर्षांच्या आतला आहे. समज उद्या सकाळपासून तिथल्या प्रत्येक जोडप्याने दोनावर थांबायचं ठरवलं, तरी ही निम्मी जनता अजून आईबाप व्हायचीच आहे, त्यांना दोन-दोन झाली तरी जन्म ढीगभर, आणि दुसरीकडे पासष्टीच्या पुढचे शंभरात दोन-तीनच, म्हणजे मरणारे त्या मानाने थोडे. म्हणजे सगळे शहाण्यासारखे वागले तरी लोकसंख्या पुढची कितीतरी वर्षं वाढतच राहणार. आता यात अक्कल कुठे आली? आणि मुळात सहा मुलं का, तर तिथे चारातल्या तीन मुलींचं लग्न अठराच्या आत होतं, हजारातली शंभराहून जास्त पोरं पाचवा वाढदिवस बघत नाहीत, आणि म्हातारपणी पेन्शन नाही, जी काय ती मुलंच. त्या आईच्या जागी तू असतास तर तूही दोनावर थांबला नसतास.

बांगलादेश चांगला गरीब होता तेव्हा त्यांनी जन्म कमी करून दाखवलेत. १९७० च्या सुमारास तिथे बाईमागे जवळपास सात मुलं होती, आता दोनच्या आसपास. त्यात मोठा वाटा होता गावोगाव दारात जाऊन गोळ्या देणाऱ्या, समजावून सांगणाऱ्या बायकांचा, घराबाहेर पडणं जिथे अवघड होतं तिथे दवाखानाच दारात आला. इराण तर याहून सुसाट, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साडेसहाच्या आसपास आणि वीसेक वर्षांत दोनवर! खेड्यातली आरोग्य केंद्रं, फुकट साधनं, आणि पोरी शाळेत. गंमत म्हणजे पुढे जन्म फारच कमी झाले म्हणून तिथलं सरकारच घाबरलं आणि २०२१ मध्ये कायदा करून फुकट साधनं, नसबंदी यांच्यावर बंधनं आणली.

सरकारं अशी घाबरली की काय होतं याचं उदाहरण रोमानियाचं. १९६६ मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने जन्म वाढावेत म्हणून एक फर्मान काढलं, गर्भपात जवळपास बंद, गर्भनिरोधक साधनं मिळेनाशी. पुढच्याच वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले, सरकार खुश. मग बायकांनी चोरून वाटा शोधल्या आणि काही वर्षांत आकडा परत घसरला, पण चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत राहिल्या, बाळंतपणाशी संबंधित मृत्यूंत युरोपात सगळ्यात वरचा नंबर, आणि नको असलेल्या पोरांनी अनाथालयं भरली. १९८९ च्या डिसेंबरात चाउशेस्कूची सत्ता गेली आणि ते फर्मान लगेच रद्द केलं, यावरून लोकांचा त्यावर किती राग होता बघ.

आणि उलट्या बाजूचा दंडुका म्हणजे चीन. एक मूल धोरण १९८० चं, पण १९७० ला बाईमागे जवळपास सहा असलेला आकडा त्याच्या आधीच तीनच्या खाली आला होता, म्हणजे मोठी घसरण आधीच होऊन गेलेली. २०१६ पासून दोन मुलांना परवानगी दिली, २०२१ ला तीन, आता पोरं जन्माला घाला म्हणून विनवण्या, आणि तरी २०२२ पासून लोकसंख्या घटतेय. आता २०२५ पासून निवृत्तीचं वय हळूहळू वाढवतायत, पुरुषांचं ६० चं ६३. दोन मुलांच्या कायद्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

बरं, म्हातारपणाकडे येऊ. बहुतेकांना वाटतं की औषधं सुधारली, माणसं जास्त जगायला लागली म्हणून देश म्हातारा होतो. तेही आहेच, पण मोठं कारण म्हणजे खालून पोरं यायची कमी होतात आणि म्हाताऱ्यांचा वाटा आपोआप फुगतो. २०१८ मध्ये जगात पहिल्यांदाच पासष्टीच्या पुढचे लोक पाच वर्षांखालच्या पोरांपेक्षा जास्त झाले. जपानमध्ये १९६० च्या सुमारास एका म्हाताऱ्यामागे कामाच्या वयाची अकरा माणसं होती, आज जेमतेम दोन. आता पेन्शनचा हिशोब कर. आज कमावणाऱ्याच्या पगारातून कापायचं आणि आजच्या निवृत्ताला द्यायचं, ही पद्धत अकरा जणांवर छान चालते, दोघांवर कशी चालणार? जर्मनीचा तेव्हाचा चान्सलर (सरकारप्रमुख) बिस्मार्क, त्याने १८८९ मध्ये तिथे पेन्शन काढली तेव्हा वय ठेवलं होतं सत्तर, आणि तेव्हा सत्तरी गाठणारे असे होते किती! हुशार माणूस. जपानमध्ये ओजी होल्डिंग्ज नावाची कागद कंपनी आहे, तिने २०२४ मध्ये देशातल्या बाजारासाठी बाळांचे डायपर बनवणं बंद करायचं जाहीर केलं आणि मोठ्यांच्या डायपरवर लक्ष द्यायचं ठरवलं. २०२३ च्या पाहणीत तिथे ९० लाख घरं रिकामी सापडली.

तरीपण मला जपानची तेवढी काळजी वाटत नाही, कारण त्यांच्याकडे पैसा आहे. मला धास्ती आहे ती वेगाची. पासष्टीच्या वरच्यांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षं लागली. एवढ्या काळात दोन महायुद्धं झाली, कारखाने आले, विमा, पेन्शन, दवाखाने सगळं उभं राहिलं, म्हणजे म्हातारपण आलं ते तयारी झाल्यावर. जपानला त्याच वाटेला लागली २४-२५ वर्षं, कोरियाला १८, आणि थायलंडला वीसेक वर्षं, तेही फ्रान्सच्या कितीतरी पट कमी उत्पन्नात! तिथे अर्ध्याहून जास्त लोक शेती, गाडा, मजुरी अशा कामांत, पगाराची स्लिप नाही तर पेन्शन कुठली. पोरं मात्र एक किंवा दोनच. म्हणजे नायजरमधल्या म्हातारीकडे पेन्शन नाही पण मुलं आहेत, फ्रान्सच्या म्हातारीकडे मुलं कमी पण पेन्शन आहे, आणि थायलंडच्या म्हातारीची दोन्हीकडून ओढाताण.

तुझ्या कोरियाचं राहिलंच. २०२३ मध्ये तिथे बाईमागे ०.७२ मुलं, २०२४ ला जरा वर ०.७५. पैसे वाटून हंगेरीनेही बघितलं, चार मुलांच्या आईला आयुष्यभर इन्कम टॅक्स माफ, आकडा थोडा चढला आणि परत उतरला. अरे, ऑफिस रात्रीपर्यंत, घराचे हप्ते डोक्यावर, क्लासच्या फिया, बाळंतपणानंतर बाईची नोकरी गेलीच म्हणून समज आणि घरात नवरा कपबशी उचलणार नाही, यावर एकरकमी चेक काय करणार?

मग म्हातारे सांभाळायला उरतात बाहेरच्या देशांतली माणसं. फिलिपिन्सच्या नर्सेस कुठे नाहीत सांग. नर्स लहानाची मोठी करायची, शिकवायची तो खर्च एका देशाचा आणि सेवा दुसऱ्याच्या म्हाताऱ्यांची, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही, पण त्या मुलीने घरी पाठवलेल्या पैशावर भावंडं शिकतात, त्यामुळे तिला जाऊ नको म्हणणारा मी कोण. पण फिलिपिन्समध्येसुद्धा २०२२ च्या सर्वेक्षणात आकडा १.९ आलाय. म्हणजे हा झराही आटणार, आणि पुढे तरुण माणसं उरणार ती मुख्यतः आफ्रिकेत. आज युरोप त्याच आफ्रिकेच्या पोरांना अडवायला कुंपणं घालतोय आणि वीस-तीस वर्षांनी युरोपातलेच म्हातारे या पोरांची वाट बघणार, असं मला तरी दिसतंय.

तुला वेगळं दिसत असेल तर कळव, पण स्वतः लिही, फॉरवर्ड पाठवू नकोस. रोबोट म्हाताऱ्यांना सांभाळतील हा तुझा मुद्दा मी मुद्दाम सोडलाय, त्यावर भेटल्यावर भांडू.

तुझाच,
जुना भांडखोर मित्र