संशोधनाच्या जागा आणि अर्धवट जाहिराती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठात संशोधनाची पहिली नोकरी शोधणाऱ्या तरुणांना ‘संकेतस्थळे पाहत राहा’ एवढाच सल्ला बहुधा मिळतो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. संशोधन साहाय्यक किंवा पीएच.डी.नंतरचे संशोधक यांच्या पुष्कळशा जागा विद्यापीठाच्या कायम पदांपैकी नसतात. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाला अनुदान मंजूर झाले की त्या निधीतून त्या निघतात आणि निधी संपला की त्याही संपतात. साहजिकच जाहिरात निघते तेव्हा प्रमुख संशोधकाच्या मनात काम ठरलेले असते, आणि कधी कधी माणूसही. हे ज्याला ठाऊक आहे तो अनुदान देणाऱ्या संस्थांच्या मंजूर प्रकल्पांच्या याद्या चाळून संबंधित प्राध्यापकांना आधीच पत्र लिहितो. ज्याच्या मार्गदर्शकाची फारशी ओळखपाळख नाही, त्याला मात्र ही वाट दाखवणारे कोणी भेटत नाही.

युरोपीय आयोगाने २००५ साली संशोधकांच्या भरतीसाठी एक आचारसंहिता सुचवली. जाहिरातीत कामाच्या अटी व पुढील प्रगतीच्या संधी सांगाव्यात, अर्जासाठी पुरेशी मुदत द्यावी आणि निवडीनंतर उमेदवाराला त्याच्या अर्जातील बलस्थाने व उणिवा कळवाव्यात, असे तिच्यात म्हटले होते. पात्रतेच्या अटी इतक्या बारीक नसाव्यात की योग्य उमेदवारही अर्ज करायला कचरतील, हे तिच्यातील कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण विशिष्ट व्यक्तीच्या मापाने बेतलेली जाहिरात जाणकाराला वाचताक्षणी ओळखू येते. अर्थात ही आचारसंहिता ऐच्छिक होती, त्यामुळे ती किती पाळायची हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले; २०२३ साली तिची जागा संशोधकांसाठीच्या नव्या युरोपीय सनदेने घेतली.

प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून राहायचे नसेल तर स्वतःच्या नावावर पाठ्यवृत्ती मिळवणे हा दुसरा मार्ग आहे. तिथे घड्याळाकडे लक्ष हवे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पाठ्यवृत्तीसाठी पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव ८ वर्षांपेक्षा अधिक चालत नाही, शिवाय ज्या देशात जायचे तिथे मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य वा काम झालेले चालत नाही. असे नियम उशिरा कळले तर गुणवत्ता असूनही संधी जाते.

म्हणून विद्यापीठांना माझी विनंती आहे की, संशोधनाच्या प्रत्येक जाहिरातीत निधीचा स्रोत, नेमणुकीची नेमकी मुदत, वेतन, मुदतवाढीची शक्यता आणि त्या जागी सध्या कोणी काम करत आहे की नाही, एवढे तरी स्पष्ट लिहावे. यासाठी वेगळा खर्च येत नाही, आणि ही सर्व माहिती प्रकल्पाच्या फाइलमध्ये आधीपासूनच असते.

आपला,
एक वाचक