अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

त्या शनिवारी तुम्ही शटर अर्धं ओढलं होतं आणि मी लॅपटॉप घेऊन दारात उभी. "या, बसा," म्हणालात आणि साडेनऊपर्यंत जागचे हलला नाहीत. पैसे तर घेतलेच नाहीत, म्हणून हे पत्र.

वेल्हे-भोरकडच्या माझ्या अकरावी-बारावीच्या मुलांना मी दर शनिवारी ईमेलने गणितं पाठवते. ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या ऑर्ग मोडमध्ये लिहायचं, सूत्रं लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत, आणि सगळ्याचं एचटीएमएल, म्हणजे वेबपान, करून धाडायचं. माझ्या ब्राउझरमध्ये सगळं सुरेख दिसे. मुलांना मात्र नुसते कंस आणि उलट्या तिरप्या रेघा मिळत. ब्राउझरमध्ये सूत्रं मांडणारं मॅथजॅक्स जावास्क्रिप्टवर चालतं आणि ईमेलमध्ये स्क्रिप्ट चालूच देत नाहीत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या वर्णनातून काढलेली, चित्रं जीमेल दाखवत नाही, मजकुरातच कोंबलेली चित्रंही नाही. म्हणजे प्रत्येक सूत्राचं पीएनजी, म्हणजे साधं ठिपक्यांचं चित्र, करायचं, ते पत्राला जोडायचं आणि मजकुरातून त्याच्या आयडीने बोलवायचं.

तसं करायला गेले तर निर्यात, म्हणजे ऑर्गमधून एचटीएमएल करणं, मध्येच थांबायची. 'चित्र तयार झालं नाही' एवढाच निरोप. चाळीस सूत्रांतलं कुठलं बिघडलंय, काही पत्ता नाही. मी तीन दिवस तोच निरोप वाचत होते. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत, सरळ लॉग, म्हणजे लाटेकने ठेवलेली कामाची नोंद, उघडलात आणि म्हणालात, "उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ शोधा. पुढच्या चुका बहुतेक तिच्याच पोटातल्या."

ती ओळ सापडली. केवल मूल्याच्या व्याख्येत, महिरपी कंसाच्या आत, मी 'अन्यथा' असं मराठीत लिहिलं होतं. पीएनजीसाठी जे जुनं लाटेक चालतं, त्याला देवनागरी अक्षर ठाऊकच नाही. 'अ'पाशीच ते अडलं होतं. पुढच्या सूत्रात तर नुसता मराठी '२' होता. लॉगमधला ओळक्रमांक सूत्राचं चित्र करताना बनणाऱ्या तात्पुरत्या फाइलचा असतो, माझ्या फाइलचा नव्हे, हेही तेव्हाच समजलं. मराठी शब्द सूत्राबाहेर काढले, आकडे बदलले, आणि चाळीसच्या चाळीस चित्रं तयार झाली.

मी उठायला लागले तर तुम्ही थांबवलंत. पत्र आधी माझ्याच फोनवर पाठवायला लावलंत, डार्क मोड चालू करून. सूत्रं गायब! चित्रांची पार्श्वभूमी पारदर्शक, अक्षरं काळी, मागे काळा पडदा. गेल्या महिन्यात एक मुलगी म्हणाली होती, "मॅडम, नुसतं 'सोडवा' दिसतंय." मी तिला नेटवर्क बघायला सांगितलं होतं. काका, ते आठवून मला फार वाईट वाटलं. तुम्ही पार्श्वभूमी पांढरी केलीत, आणि चित्र उघडलं नाही तर वाचता यावं म्हणून प्रत्येकाच्या पर्यायी मजकुरात मूळ सूत्र घातलंत.

एक सूत्र चुकलं तर ते वगळून बाकीचं जाऊ द्यावं का, असं मी विचारलं होतं. तुम्ही मान हलवलीत, "नको. पत्र तुमच्यासमोर अडू दे, मुलांसमोर नको." तेव्हापासून माझ्याकडे चूक सापडली की पत्र अडवणारीच सेटिंग आहे.

काल त्या मुलीने उत्तराचा फोटो पाठवला. केवल मूल्याचंच गणित, दोन्ही बाजू तपासून सोडवलेलं. छापून घेतलाय, सोमवारी दुकानात आणून दाखवते.

आपली कृतज्ञ,
सदाशिव पेठेतली गणिताची शिक्षिका