रेवाशी मराठीतच बोला

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा कॉलवर तुम्ही दोघंही रेवाशी इंग्रजीत बोलत होतात. आई, तू नंतर म्हणालीस, दोन भाषा कानावर पडल्या तर पोर गोंधळेल, उशिरा बोलेल; तिच्या बाबाला, मायकेलला, मराठी येत नाही, मग कशाला घोळ घालायचा? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. तिच्याशी मराठीतच बोला.

आमच्या व्हँकुव्हरमध्ये जॅनेट वर्कर यांनी बाळांच्या ऐकण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. 1984 साली त्यांनी आणि रिचर्ड टीस यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, म्हणजे खेळणं हलताना दिसतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक सहज कळला. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना तो कळेनासा झाला. ज्यांच्या घरी हिंदी होती, त्यांचा मात्र टिकला. आपल्या मराठीत तेच त आणि ट आहेत. मायकेल इतक्या आवडीने 'ताट' म्हणतो, पण त्याच्या कानाला दोन्ही अक्षरं एकच लागतात. रेवा आठ महिन्यांची आहे. म्हणून मला घाई झाली आहे.

गोंधळाचं म्हणाल, तर गरोदरपणात इंग्रजी आणि फिलिपिन्सची तागालोग अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या आयांच्या नवजात बाळांनाही त्या दोन भाषा वेगळ्या ओळखता आल्या. पुढे रेवा 'मला मिल्क दे' म्हणाली तर घाबरू नका. जो शब्द हाताशी असेल तो मूल वापरतं. आणि तिचे शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा. मायामीत स्पॅनिश-इंग्रजी मुलांचे तसे मोजले, तेव्हा ती एकभाषी मुलांच्या मागे नव्हती.

मला भीती वेगळीच आहे. इंग्रजी तिला पाळणाघरात, बागेत, बापाकडून मिळणारच आहे. मराठी इथे फक्त माझ्या तोंडून मिळते. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये आनिक द हाउवर यांनी सुमारे 1,900 कुटुंबांची पाहणी केली. घरात दुसरी भाषा बोलली जात असूनही जवळपास एक चतुर्थांश घरांतली मुलं ती बोलत नव्हती. आमचं घर त्यात जाऊ नये.

मराठी कार्टून लावून देऊन भागणार नाही. सिॲटलला पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा वेळा चिनी ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच टीव्हीवर पाहणाऱ्या बाळांच्या हाती काहीच लागलं नाही. तुम्ही कॉलवर तिच्या हुंकाराला हुंकार देता, ती हसली की हसता. टीव्हीला ते कुठून जमणार?

तेव्हा आई, लसूण सोलताना जे मनात येईल ते तिला सांगत जा, मुद्दाम सोपं करू नकोस. बाबा, तुम्ही शेजाऱ्यांशी कट्ट्यावर बोलता तसंच बोला, सातारी हेल नि सगळं.

आणि या उन्हाळ्यात दोघंही या. सुपर व्हिसासाठीचं आमंत्रणपत्र मेल केलंय. बाबा, पासपोर्टची मुदत बघून कळवा, वैद्यकीय विम्याचं मी बघते.

तुमची,
सायली