काका, तुमचा दुपट्टा माझ्याकडेच राहिला

काका, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. गाडी दुरुस्तीच्या तुमच्या दुकानाची गल्लीही सांगत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे हे मी त्याच दिवशी ठरवलं होतं, तेवढं चालवून घ्या.

परवा संध्याकाळी रहाटे कॉलनीच्या सिग्नलला आमची स्टॉर्म पूर्ण लाल दिवाभर उभी होती आणि बंद पडली नाही. बाबा शेजारी बसून उलटे आकडे मोठ्याने मोजत होते. यात काय विशेष, असं वाटेल कोणाला. मागे हॉर्न वाजत असताना जिने ती गाडी एकटीने ढकलत कडेला नेली आहे, तिला विचारा. फायबरची बॉडी, दोनच सीट, तशी हलकी आहे. पण 42 डिग्रीत काहीच हलकं नसतं.

माहीत नसणाऱ्यांसाठी: सॅन स्टॉर्म ही गोव्यात बनलेली, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी. आता बनत नाही. बाबांचा जीव तिच्यात. तिचं इंजिन सांभाळणारा मूळ कॉम्प्युटर मीच जाळला, बॅटरीच्या तारा उलट्या लावून. दुसरा मिळेना, म्हणून स्पीड्यूइनो बसवला. हा आर्डुइनो मेगा नावाच्या छोट्या सर्किट बोर्डावर चालतो, आराखडा सगळ्यांना खुला, आणि किती पेट्रोल सोडायचं त्याचं टेबल आपणच भरायचं. सोळा गुणिले सोळा, 256 चौकटी. पेपर तपासून झाले की रात्री मी त्या चौकटींशी झगडत बसायची. जानेवारीत गाडी छान चालत होती. ऊन तापलं आणि सिग्नलला मरायला लागली.

आता तुमच्या आधीच्या मेकॅनिकांबद्दल. एक जण, प्रश्न मी विचारला की उत्तर बाबांकडे पाहून द्यायचा. दुसरा म्हणाला, "ई-20 पेट्रोल आहे मॅडम, आता असंच चालणार." ई-20 म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे इंधन थोडं जास्त सोडावं लागतं, हे खरंच. पण दोष पेट्रोलचा असता तर वर्धा रोडवर 80 च्या स्पीडलाही दिसला असता, फक्त सिग्नललाच काहून? हे विचारलं तर त्याला राग आला. तिसरा स्वतःला ट्यूनर म्हणवतो. त्याने लॅपटॉप जोडला, न विचारता माझं टेबल पुसलं आणि आपलं चढवलं. "कचरा होता तो," म्हणाला. त्याच्या टेबलावर गाडी सकाळी सुरूच होईना. घरी जुनी कॉपी होती, पंधरा दिवसांपूर्वीची. मधलं सगळं गेलं.

म्हणून तुमच्याकडे आले तेव्हा लॅपटॉपची बॅग मांडीवर गच्च धरून बसली होती. पाहिलं असेल तुम्ही.

तुम्ही बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं, पण हात लावला नाही. वळून म्हणालात, "ताई, पयले तुमची फाइल सेव्ह करून ठेवा. दोन ठिकाणी. मेहनत हाय थे तुमची."

एवढंच. ते टेबल तुम्हाला वाचता येत नव्हतं, तसं तुम्ही सरळ सांगितलंही. पण कोणीतरी रात्री जागून केलेलं आहे, ते आधी जपायचं, हे तुम्हाला कोणी सांगावं लागलं नाही. नाव काय देऊ विचारलं तर म्हणालात, "ताईची फाइल." अजून त्याच नावाने आहे, पेनड्राइव्हवरही. माझे डोळे भरून आले होते. मी उन्हावर ढकललं.

हुशार माणसं नागपुरात कमी नाहीत. पण कुठेही जा, आपण जे काही करून नेलेलं असतं ते आधी बाजूला सारतात, मग बोलायला सुरुवात करतात. खरं सांगायचं तर वर्गात मीही तेच करत आले. त्या दिवसापासून पोरींच्या वहीवर लाल रेघ ओढताना हात जरा थांबतो.

मग तो दुपट्टा. इंजिन तापवून उभं ठेवलं आणि थोड्या वेळात आरपीएमचा काटा 900 वरून खाली-वर डोलायला लागला. "पयलेच्या फियाटले उन्हाळ्यात असंच व्हाये," म्हणत तुम्ही डोक्याचा दुपट्टा सोडला, बादलीत बुचकळला आणि पेट्रोलच्या पाइपवर टाकला. फरक नाही. मग जरा सरकवलात. काटा थांबला. जागच्या जागी.

"हे काहून थांबलं?" तुम्ही मला विचारलं. मला! स्क्रीनवर हवेचं तापमान उतरत होतं. 84. 71. 63. ओला दुपट्टा टेकला होता हवेच्या सेन्सरला, आणि तो सेन्सर मीच हौसेने मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला चिकटलेल्या हवेच्या धातूच्या नळीत, बसवला होता. बिचारा हवेचं नाही, तापलेल्या धातूचं तापमान सांगत होता. कॉम्प्युटर समजायचा की हवा गरम म्हणजे विरळ, आणि पेट्रोल आखडायचा. खरी हवा पन्नासेक डिग्री आणि सेन्सर म्हणतो 84, म्हणजे हिशोबाने जवळजवळ दहा टक्के कमी. चालत्या गाडीत आत येणारी हवा त्याला थंड ठेवते, सिग्नलला कोण ठेवणार?

"म्हणजे इंजिन उपाशी होतं," तुम्ही म्हणालात. हो काका. आणि मी तीन महिने चौकटी खोडत बसली होती.

सेन्सर हवेच्या फिल्टरच्या पाइपात हलवला, त्याचं पुराण इथे नको. तुम्ही 300 रुपये घेतले. घेतले हे बरं केलं. सोडले असते तर पुन्हा यायला संकोच वाटला असता.

दुपट्टा धुतला. ग्रीसचा डाग काही निघाला नाही. शाळा सध्या सकाळची आहे, शनिवारी दुपारी आणून देते. बाबाही येतो म्हणतात. त्यांना तुमच्याशी जुन्या फियाटबद्दल बोलायचं आहे, तेव्हा तासभर गेला समजा.

तुमची,
फाइलवाली ताई