काळोख कथेतला आणि पडद्यावरचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बॅटमॅनच्या नव्या अवतारांवर लेख आला होता. हॉलिवूड दर थोड्या वर्षांनी हाच माणूस नव्याने उभा करतं, दर वेळी आधीपेक्षा काळाकुट्ट, आणि आपण निमूट तिकीट काढतो, असा त्याचा सूर. त्यातला पैशाचा मुद्दा मान्य आहे, त्याकडे येतोच. पण दिग्दर्शक मॅट रीव्ह्ज यांच्या २०२२ च्या ‘द बॅटमॅन’लाही त्याच दावणीला बांधलंय, ते पटलं नाही.

आधी एक दुरुस्ती. लेखात बॅटमॅनचे जनक म्हणून एकट्या बॉब केन यांचं नाव आहे. १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात हे पात्र पहिल्यांदा आलं, ती गोष्ट लिहिली होती बिल फिंगर यांनी. केन यांच्या पहिल्या चित्रातला लाल पोशाख आणि ताठ पंख काढून करडा पोशाख, लांब झगा आणि डोकं झाकणारा मुखवटा सुचवला तोही फिंगर यांनीच. ते १९७४ साली वारले आणि पडद्यावर अधिकृत श्रेय मिळू लागलं २०१५ पासून. इतक्या उशिरा मिळालेलं नाव आपण तरी गाळू नये.

त्या सुरुवातीच्या गोष्टी वाचल्या तर काळोख ही हल्लीची फॅशन नाही, हेही कळतं. रात्र, खून, तपास हाच त्यांचा ऐवज. काही गोष्टींत तर बॅटमॅनच्या हातात पिस्तूलसुद्धा आहे. रंगीबेरंगी, विनोदी बॅटमॅन आला तो प्रामुख्याने १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे. (ती मला मनापासून आवडते, पण तो वेगळा विषय.)

आता ‘पुन्हा तेच’ या तक्रारीबद्दल. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान पाठच असतं. बुवा त्याच कथेतून या वेळी काय काढून दाखवतात, ते ऐकायला तो बसलेला असतो. नव्या बॅटमॅनलाही तेवढंच विचारावं. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’कडे थंडीवरच्या कोट्या आणि चकचकीत सेट यापलीकडे काही नव्हतं, म्हणून पुढची आठ वर्षं बॅटमॅन पडद्यावरून गायब झाला. क्रिस्टोफर नोलन यांनी २००५ साली तो परत आणला तेव्हा भीती हा विषय घेतला, आणि तो शेवटपर्यंत निभावला. उलट २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये रंग गडद, चेहरे गंभीर, पार्श्वसंगीत ढणढणतं. विचार मात्र पातळ. लेखकाचा राग खरं तर या जातीच्या काळोखावर असायला हवा होता.

ज्यांनी २०२२ चा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनच्या, आईवडिलांचा खून आपण १९८९, २००५, २०१६ आणि पुन्हा २०१९ च्या ‘जोकर’मध्येही पाहिला. २०१६ मध्ये तर मोत्यांचा सर संथ गतीने तुटताना दाखवला. रीव्ह्ज तो प्रसंग दाखवतच नाहीत. त्याऐवजी त्या वडिलांच्या पुण्याईलाच ते हात घालतात. एका पत्रकाराचं तोंड बंद करण्यासाठी थॉमस वेन कार्माइन फाल्कोने या गुंडाकडे गेला होता आणि फाल्कोनेने त्या पत्रकाराचा जीवच घेतला, हे मुलाला कळतं. ज्या निधीतून शहराचं भलं व्हायचं होतं, तो त्याच गुंडांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घशात गेलेला असतो. थोरांच्या नावाने निघालेल्या निधीचं पुढे काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

पण खरी खोच पुढेच आहे. सुरुवातीला रॉबर्ट पॅटिन्सनचा बॅटमॅन गुंडांना बदडताना ‘मी सूड आहे’ असं बजावतो. शेवटी शहर पाण्याखाली जात असताना रिडलर या खलनायकाचा एक बंदूकधारी अनुयायी पकडला जातो, आणि तू कोण असं विचारल्यावर तो नेमकं तेच वाक्य म्हणतो. २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्येही बॅटमॅनची नक्कल करणारे लोक होते, पण तुझ्यात नि माझ्यात फरक काय, या त्यांच्या प्रश्नावर बॅटमॅन एक कोटी करून निघून जातो. इथे नक्कल करणारा समोरच्या टोळीत आहे आणि बॅटमॅनकडे उत्तर नाही. मग तो पाण्यात उतरतो, हातात लाल मशाल घेतो आणि अडकलेल्या लोकांना वाट दाखवत बाहेर नेतो. धाक घालणं हाच ज्याचा धंदा, त्याला आपल्या धाकाचा असा हिशेब द्यायला लावणारा दुसरा बॅटमॅन मला आठवत नाही. लांबी मात्र खटकते, १७६ मिनिटं! फाल्कोनेचा निकाल लागला तिथे आमच्या रांगेतले दोघंतिघं चपला शोधू लागले होते.

आता पैशाचं. या चित्रपटाने जगभरात सुमारे ७७ कोटी डॉलर कमावले. पुढचा भाग आधी ऑक्टोबर २०२५ ला येणार होता, मग २०२६ ला, आणि नंतर १ ऑक्टोबर २०२७ ही तारीख देण्यात आली. मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, हा चित्रपट काढणाऱ्याच कंपनीने आणखी एक निराळा बॅटमॅन जाहीर केला. त्यात नट वेगळा, कथा वेगळी, आणि बॅटमॅनचा स्वतःचा मुलगा रॉबिनच्या, म्हणजे त्याच्या साथीदाराच्या, भूमिकेत. पहिल्याची गोष्ट अर्धी असताना दुसऱ्याची पाटी लावायची, याला दुकानदारीच म्हणावं लागेल. इथे मी लेखकाच्या बाजूने आहे.

राहिली लेखातली ‘अर्धा चित्रपट दिसलाच नाही’ ही तक्रार. छायाचित्रणकार ग्रेग फ्रेझर यांनी हा चित्रपट डिजिटल कॅमेऱ्यावर टिपला, तो फिल्मवर उतरवला आणि तिथून पुन्हा डिजिटल केला, काळ्या रंगालाही पोत यावा म्हणून. तो पोत पडद्यावर उतरायला पुरेसा उजेड लागतो. चित्रपटगृहासाठी ठरलेलं प्रमाण १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) आहे. प्रोजेक्टरचा दिवा जुना होऊनही बदलला नाही, किंवा थ्रीडीची काच साध्या खेळालाही तशीच लावून ठेवली, की चित्र मंदावतं. उजळ गाण्याबजावण्याच्या सिनेमात ते खपून जातं, इथे खपत नाही. आमच्या शहरातल्या एका पडद्यावर पेंग्विन नावाच्या गुंडाच्या मोटारीचा पाठलाग मी जवळजवळ नुसता ऐकला. पुढे मित्राकडे पुण्याला गेलो असताना तोच प्रसंग पुन्हा पाहिला, तेव्हा पावसाचे थेंबसुद्धा वेगवेगळे दिसत होते.

म्हणून एक विनंती. आपल्या समीक्षकांनी चित्रपट कुठल्या गावात, कुठल्या पडद्यावर पाहिला, एवढं परीक्षणाखाली छापत जावं. पडदा मंद असेल तर तेही स्पष्ट लिहावं. व्यवस्थापकाला आम्ही सांगून पाहिलं, ऐकत नाहीत. छापून आलं तर कदाचित दिवा बदलतील.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज