एक्काहत्तरावा इलेक्ट्रॉन

बेलफास्ट, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा फोन ठेवायचा राहिला आणि ‘ती तिकडे कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं तू मावशीला सांगताना ऐकू आलं. चूक तुझी नाही, इतक्या वर्षांत मलाच धड सांगता आलेलं नाही. आज बाबांच्या सबस्टेशनच्या यार्डातूनच सुरुवात करते.

बाबा, क्वार्टरमागचे ते एसएफ-सिक्स वायू भरलेले, वीजप्रवाह तोडणारे ब्रेकर आठवतात ना? दर तासाला तुम्ही गेजवरचं प्रेशर लॉगशीटमध्ये भरायचात आणि मी मागे आले की कुंपणापाशीच थांबवायचात. तो वायू आत काय करतो, यावर माझं पोट चालतं.

ब्रेकर उघडला की कॉन्टॅक्टमध्ये आर्क, म्हणजे विजेचा लोळ, पेटते, हे मी तुम्हाला काय सांगणार! पण ती विझल्यावर पुन्हा का पेटत नाही? एसएफ-सिक्सच्या रेणूत मधे एक गंधक, भोवती सहा फ्लोरिन, सगळे मिळून ७० इलेक्ट्रॉन. एखादा संथ इलेक्ट्रॉन जवळ आला की रेणू त्याला धरून ठेवतो. हा एक्काहत्तरावा. आता तोच विद्युतभार वाहायचा तर अख्खा रेणू हलायला हवा, म्हणजे अडीच लाखांहून जास्त पट वजन. मग कसली धावतेय वीज!

धरल्यावर रेणूचे बंध ताणले जातात. पाहुणा परत निसटतो, किंवा शेजारच्या रेणूला धडकून जास्तीची ऊर्जा निघून जाते आणि आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन धरलेला रेणू, टिकतो, किंवा एक फ्लोरिन तुटून पडतो. यातलं काय किती वेळा होईल हे गणिताने काढायचं, एवढंच माझं काम. प्रयोगशाळेत मी पाऊलही टाकत नाही.

रीत अशी: रेणूभोवती एक काल्पनिक गोल आखायचा. आत आलेला इलेक्ट्रॉन बाकीच्यांत असा मिसळतो की पाहुणा कोण नि घरचा कोण ते सांगता येत नाही. तिथलं गणित जिवावर येतं. गोलाबाहेर सगळं सोपं. ही युक्ती विग्नर आणि आयझेनबड या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अणुकेंद्रांसाठी काढली, पुढे इथल्याच फिलिप बर्क यांनी ती अणू-रेणूंसाठी वापरात आणली. म्हणून तर मी या पावसाच्या गावात पडले आहे.

गेल्या महिन्यात मला एक सुरेख रेझोनन्स सापडला, म्हणजे अशी एक ऊर्जा जिथे इलेक्ट्रॉन रेणूत थोडा वेळ अडकून राहतो. तीन आठवडे हवेत होते. मग कळलं, मी गोल लहान घेतला होता आणि इलेक्ट्रॉनचा ढग बाहेर सांडत होता. त्रिज्या वाढवली, रेझोनन्स गायब. आई, त्या आठवड्यात मी फोनवर तुटक बोलले ते यामुळे.

बाबा, एक वाईट बातमीही आहे. तुमचा हा गुणी वायू गळून हवेत गेला तर शेकडो वर्षं राहतो, आणि वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो. युरोपने २०२४ च्या नियमाने त्याची नवी उपकरणं टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आहेत. त्याच्या जागी येऊ शकणाऱ्या एका रेणूवर मी सध्या बसले आहे: चार कार्बन, सात फ्लोरिन, एक नायट्रोजन. इलेक्ट्रॉन ९४. डोकेदुखी त्याच प्रमाणात.

तर एक मदत करा. प्रेशर कमी झाल्याचा अलार्म किती वेळा वाजायचा, आणि गॅस भरायला आलेली माणसं गळती कशी शोधायची, ते आठवेल तसं लिहून पाठवा. व्हॉट्सॲपवर नको, कागदावर. आईच्या मेतकुटाच्या पार्सलमध्येच घाला.

तुमची,
छकुली