रीडिंग नॉर्मल

बडोदे,
12 जानेवारी 2025

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तक्रार करण्यासारखं काही नाही, पण छान वाटतंय असंही नाही." मी "होतं असं कधी कधी" म्हटलं आणि फोन आईकडे दिला. फोनवर मला सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. 34 वर्षं कंट्रोल रूममध्ये गेली; तिथे बोलणं कमी, लिहिणं जास्त. म्हणून हे पत्र.

नोकरी चांगली, घर झालं, हप्ते वेळेवर जातात, मग तू खूश का नाहीस, असं मी विचारणार नाही. तो प्रश्न ऐकला की माणूस आणखीच खट्टू होतो. मी तुला लॉगशीटची गोष्ट सांगतो. बाबांची गाडी प्लँटवर आलीच, असं म्हणशील. येणारच.

लॉगशीट म्हणजे पॅडला अडकवलेला मोठा कागद. डावीकडे पंप, कॉम्प्रेसर, टाक्या. वरच्या बाजूला तास. दर तासाला फेरी मारायची, प्रत्येक गेजसमोर उभं राहायचं आणि आकडा लिहायचा. दाब 7.2, 7.2, 7.1, 7.2. नव्या पोरांना वाटायचं, यात लिहायचं काय? बिघडलं तर पॅनेलवर लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो. मलाही तसंच वाटायचं. तिसऱ्या पाळीत पहाटे झोप अनावर झाली की आम्ही काही जण खुर्चीतूनच चार तासांचे आकडे एकदम भरायचो आणि खाली "रनिंग नॉर्मल" लिहून सही ठोकायचो.

1996च्या पावसाळ्यात अशाच एका रात्री माझ्या पाळीत एका पंपाचं बेअरिंग गेलं. तापमान हळूहळू चढत होतं आणि कागदावर मी 58, 58, 59 लिहून बसलो होतो. भोंगा वाजला तोवर उशीर झालेला. प्लँट सहा तास बंद. साहेबांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेले. ओरडले असते तर मी विसरलो असतो.

पण खरी लाज त्या पंपाची नाही वाटत. घरची रीडिंगही मी बरीच वर्षं अशीच बसल्या जागी भरली, त्याची वाटते. तिसरी पाळी करून यायचो आणि झोपायचो. तू शाळेतून आलीस की आई ओठांवर बोट ठेवून तुला आत न्यायची. तुझा पहिला दात पडला, तू सायकल शिकलीस, सगळं मला दुसऱ्या दिवशी कळायचं. घरात भोंगा वाजत नव्हता, म्हणजे सगळं नॉर्मल. तुझा टायफॉइड मात्र मला तारखेनिशी आठवतो.

निवृत्त झाल्यावर शहाणपण आलं असं समजू नकोस. ते आणलं गेल्या ऑगस्टच्या पुराने. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट, पाणी 35च्या वर गेलं. आपल्या तळमजल्यात कंबरभर. तीन रात्री आम्ही वरच्या बेनकडे काढल्या, खिचडी आणि मेणबत्तीवर. पाणी उतरल्यावर सोफा, गाद्या, तुझी दहावीची पुस्तकं, सगळं रस्त्यावर आणून टाकलं. चौथ्या दिवशी लाइट आली, मोटर सुरू झाली, नळाला स्वच्छ पाणी आलं. तुझी आई नळाखाली नुसते हात धरून उभी राहिली. संध्याकाळी फरशी पुसून कोरडी झाली तेव्हा आम्ही दोघं फरशीवरच बसून चहा प्यायलो. बसायला दुसरं काही उरलं नव्हतंच म्हणा. पण तसा चहा मी आयुष्यात कमी वेळा प्यायलोय.

हे कौतुक पंधरा-वीस दिवस टिकलं. पंखा फिरतोय याचं कौतुक, बटण दाबलं की दिवा लागतो याचं कौतुक. मग एका रात्री केबल गेली म्हणून मी केबलवाल्याशी तावातावाने भांडलो. तेव्हा लक्षात आलं, पूर आता पुरता ओसरला.

त्याच सुमाराला मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक लेख वाचनात आला. (वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून जाड काचेची जमीन केली आहे तेच ग्रंथालय. तिच्यावर पाय टाकायला तू घाबरायचीस.) अमेरिकेत इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या 22 जणांची 1978 साली पाहणी छापून आली होती. सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा, एखादा विनोद, अशा रोजच्या गोष्टींतून किती मजा येते, हे त्यांना विचारलं. लॉटरी न लागलेल्यांपेक्षा त्यांना ती कमी येत होती. 22 माणसांवरून नियम काढायला मी तयार नाही. प्लँटमध्ये एवढ्याशा रीडिंगवर आम्ही व्हॉल्वसुद्धा फिरवला नसता. पण नाश्त्याचं मला पटलं. तुझ्या प्रमोशनच्या दिवशी तू किती आनंदात होतीस, आणि मार्चपर्यंत तो पगार नुसता पगार झाला होता.

तर मी एक वही केली आहे. लॉगशीटच. रोज एक ओळ, पण गेजसमोर उभं राहूनच लिहायची. नमुना देतो.

3 जाने. काळा घोड्याच्या पुलावर पाच-सहा स्कूटर थांबलेल्या. खाली गाळावर मगर ऊन खात पडली होती, तोंड उघडं. तिला घाम येत नाही, अंग तापलं की ती तोंड उघडून उष्णता बाहेर टाकते. ऑफिसला उशीर झालेले लोक अगदी निवांत.

7 जाने. खंडेराव मार्केट. ओली हळद आली, आंबेहळदही. भाजीवाली म्हणाली, "काका, आजे एकला?" (आज एकटेच?)

9 जाने. काही नाही. रीडिंग नॉर्मल.

आईने वही वाचली. म्हणाली, "मगर आहे, हळद आहे, भाजीवाली आहे. यात मी कुठे आहे हो?" 34 वर्षांत कुठल्या इन्स्पेक्टरने माझी अशी चूक काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. वड्यांसाठी गुळाचा पाक चालला होता. तिने थेंब पाण्यात टाकला, गोळी उचलून ताटलीवर आपटली. टण्ण. "झाला," म्हणाली आणि गॅस बंद केला. दर संक्रांतीला हे आपल्या घरात होतं. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. लिहून ठेवलाय, 10 जाने., सकाळी 11.20.

वहीने सगळं बरं होतं असं मी म्हणत नाही. मगर बघून घराचे हप्ते फिटत नाहीत. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, ते आठवडेच्या आठवडे चालत असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि आम्हालाही कळव. आकडा चढत असेल तर चढलेलाच लिहायचा. आम्हाला बरं वाटावं म्हणून फोनवर 58 सांगू नकोस.

परवा उत्तरायण, आपली संक्रांत. तुला सुट्टी नाही, कळलं. इथे आत्तापासूनच गच्च्यांवर स्पीकर लागलेत आणि पतंग कापला की "काप्यो छे"चा गलका चाललाय. मी वर बसून लिहितोय. वारा बेताचा आहे, पतंग उचलतो पण फार ओढत नाही. समोरच्या गच्चीवरचा एक सात-आठ वर्षांचा मुलगा अर्धा तास नुसता गुंता सोडवतोय, पतंग एकदाही वर गेलेला नाही. आई खालून विचारते आहे, वड्या पाठवल्याचं लिहिलं का? लिहितोय.

तुझा,
बाबा

ता. क. डब्यात वर चिक्की आहे, खाली वड्या. खालच्या आधी खा, त्या लवकर मऊ पडतात.